बैलजोडीच्या भावाची रायफल

“चाळीस रुपये,” देवजीशेठ म्हणाला.

रूपी त्याच्या गवताच्या वखारीत गठ्ठे बांधायला गेली होती. तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या रायफलीचा तो भाव होता.

“चाळीसला तर बरा बोकड पण नाय येत, शेठ.”

“बोकडाला परवाना लागतो? नथी लागत. बंदुकीला लागतो. आता नवा कायदा आलाय, रूपी. परवानेवाल्यालाच विकायची. तुमच्या बाजूला परवाना कोनाकडे? माझ्याकडे. मग भाव कोन बोलनार?”

दुसऱ्या दिवशी ती तलासरीला आमच्या शेतकरी-मजुरांच्या सभेच्या कचेरीत आली आणि हे सगळं तिनं मला शेठच्या आवाजात करून दाखवलं. मान हलवण्यासकट. त्रेसष्ट सालची गोष्ट. हत्यारांचा नवा कायदा लागू होऊन काही महिने झाले होते, आणि ज्यांना तो वाचता येत होता ते त्याचा धंदा करायला लागले होते. मी कायदा कुठल्या कॉलेजात शिकलो नाही. लॉरीवर क्लीनर होतो तेव्हा चारोटी नाक्यावर इतक्या वेळा अडवला गेलो, की कलमं आपोआप पाठ होत गेली. त्यामुळे ‘कायद्यानं असंच आहे’ असं कोणी म्हटलं की माझं डोकं आधी तापतं, मग चालायला लागतं.

रूपी वरठा ही कोण, ते सांगतो. तलासरीच्या पुढे, रानाच्या कडेला तिचा पाडा. बाजारात मीठ घेताना दुकानदारानं मापात बोट घातलं की ही त्याचं बोटच धरून ठेवायची आणि गर्दी जमेपर्यंत सोडायची नाही. कोणाला ‘अहो’ म्हणणं तिला ठाऊक नव्हतं. वारली माणूस देवालाही तू म्हणतो आणि फौजदारालाही तू म्हणतो, त्यात अपमान नसतो. पण रूपीच्या तोंडी तो ‘तू’ जरा जास्तच सरळ लागायचा.

कूळकायद्यात तिच्या नवऱ्याच्या, लडक्याच्या, नावावर थोडी भाताची जमीन झाली होती. जमीन कायद्यानं मिळाली, पण बैल कायद्यानं मिळत नाहीत. ते देवजीशेठकडून भाड्यानं आणायचे. भाडं म्हणजे थोडं भात, लावणीला त्याच्या शेतात फुकट राबणं आणि वर गवताच्या हंगामात त्याच्या कुरणात फुकट कापणी. तेही एक वेळ सोसलं असतं. खरी गोम निराळी होती. शेठचे बैल आधी शेठची सगळी शेतं चिखलायचे, मग त्याच्या सोयऱ्यांची, मग भाड्यानं घेणाऱ्यांची. रूपीची पाळी येईपर्यंत दुसऱ्यांची रोपं मूळ धरून हिरवी झालेली असायची आणि हिची अजून राबातच, पेरलेल्या वाफ्यातच, पिवळी पडत असायची. दर साली उशिराची लावणी, दर साली निम्मं पीक. मग पुढच्या साली पुन्हा शेठच्या दारात.

म्हणून रायफल विकून तिला एकच गोष्ट हवी होती: स्वतःची बैलजोडी. पावसाच्या आत.

आता वारल्याच्या घरात विलायती रायफल आली कुठून? ‘चोरीची असणार’ म्हणणारे शहाणे अजून जिवंत आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. डहाणूच्या एका म्हाताऱ्या इराणी बागवाल्याचा लडक्या शिकारीतला सोबती होता. म्हाताऱ्याची नजर गेली तेव्हा त्यानं स्वतः कलेक्टरकडे जाऊन रायफल रीतसर लडक्याच्या नावावर करून दिली, पीकरक्षणाच्या परवान्यासकट. आसपासच्या सगळ्या पाड्यांत तेवढी एकच बंदूक. भात पोटरीला आलं की रानडुकरं एका रात्रीत शेत लोळवून जातात, त्यामुळे लडक्याला मान होता. बासष्टच्या शिमग्याला तो तापानं गेला. परवाना त्याच्याबरोबर संपला. रायफल आढ्याला तशीच राहिली.

तशीच म्हणजे पडून नव्हे. आणि इथेच घोळ होता.

पाड्यावर डुक्कर पडलं की वाटे पडतात. मारणाऱ्याचा वाटा, हाकाऱ्यांचे वाटे, पाटलाचा वाटा, आणि एक वाटा बंदुकीचा. बंदूक ज्या घरची, त्या घरी तो जातो. मग घरधनी जिवंत असो की नसो. लडक्या गेल्यावर त्याचा चुलतभाऊ रायफल न्यायचा आणि बंदुकीचा वाटा रूपीच्या दारात आणून ठेवायचा. धनी मेला म्हणून बैल गोठ्यात बसून राहतो का? मग बंदूक का राहील? पाड्याचा हिशोब असा सरळ होता. कायद्याच्या हिशोबात मात्र तो तुरुंग होता, आणि हे पाड्यावर कोणाला माहीत नव्हतं.

मी तिला कायदा वाचून सांगितला. “मुदतीत सरकारात जमा करायची. मग दोन वाटा. स्वतःचा परवाना काढून परत घ्यायची, नाहीतर परवानेवाल्याला विकायची. काहीच नाही केलं तर सरकारजमा. विकायला जिल्ह्यावरून मंजुरी लागणार.”

“परवानेवाले भेटतात कुठं?”

“पुढच्या आठवड्यात चारोटीला तपासणीचा कॅम्प आहे. सरकारी बंगल्याच्या आवारात फौजदार बसणार. या बाजूच्या सगळ्या परवानेवाल्यांनी हत्यारं घेऊन हजर व्हायचंय.”

रूपीनं विचारलं, “सगळे येतील? एके जागी?”

“हो.”

“मग मी शेठच्या दारात कशाला विकू? जनावर बाजारात उभं करतात.”

ही गोष्ट मला सुचली नव्हती. मी कलमं वाचत बसलो होतो आणि हिनं त्यातून बाजार काढला. पण मला तिचं तोंड ठाऊक होतं, म्हणून बजावलं, “तिथं बोलायचं ते मी बोलेन. तू गप्प राहायचं.”

“गप राहून कोन काय विकतो, दादा?”

कॅम्पच्या दिवशी आम्ही गवताच्या लॉरीवरून चारोटीला उतरलो. रूपी, मी आणि गावचा पोलीसपाटील बाळ्या. रायफल बाळ्याच्या खांद्यावर, रिकामी, गोणपाटात गुंडाळलेली. ती सरकारात पोचवायची जबाबदारी त्याची. नाक्यावरच्या हॉटेलवाल्यानं वारा ओळखून सकाळपासूनच भज्यांचा घाणा लावला होता. आवारात आंब्याखाली परवानेवाले बसलेले. बागवाले, ताडीचे कंत्राटदार, चिंचणीचा एक गिरणीवाला. प्रत्येकाच्या मांडीवर बंदूक आणि हातात चहाची बशी. देवजीशेठही होता. त्याची बंदूक मखमली खोळीत. ती उभ्या जन्मात कधी उडाली नव्हती. परवाना त्यानं वजनासाठी काढलेला, बारा बोअरची काडतुसं भिंतीवर शोभेला लावलेली.

फौजदाराच्या टेबलापुढे रांग होती. आमचा नंबर येईपर्यंत रूपीनं आंब्याच्या दुसऱ्या अंगाला गोणपाट अंथरलं आणि बाळ्याला त्यावर रायफल ठेवायला लावली. आधी कोणी बघेना. मग एक गृहस्थ उठून आले. अर्धी चड्डी, डोक्यावर हॅट. डहाणू रोड स्टेशनवरचे मालबाबू सूर्यकांत सामंत. पगारी माणूस, पण शिकारीचं वेड. घरची एकनळी बंदूक जुनी झालेली.

“विकायची आहे?”

“हां,” रूपी म्हणाली.

सामंतांनी बाळ्याला खूण करून रायफल उचलली. घोडा ओढून बघितला, नळी उजेडाकडे धरून आत डोळा लावला. “आटे बरे दिसतायत,” ते म्हणाले, आणि लगेच, घेणारा माणूस करतो तसं तोंड वाकडं केलं. “पण पडून राहिलेली दिसते. वर्षभर? पडून राहिलं की गंज आतून खातो. नेम राहत नाही. दीडशेच्या वर कोणी देणार नाही, बाई.”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रूपी उसळली. तिच्या बैलाला कोणी बसका म्हटलं असतं तर ती अशीच उसळली असती.

“पडून? दिवाळीच्या आधी हिनं डुक्कर पाडलाय. एका गोळीत. हा असा. चार गड्यांनी उचलला. विचार या पाटलाला.”

आवारातली बोलणी थांबली. चहाच्या बश्या थांबल्या. रांग लावणारा जमादार वळून बघायला लागला. बाळ्या पाटलानं सामंतांच्या हातून रायफल घेऊन हळूच गोणपाटावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकला, जणू तो आणि ती एका लॉरीतून आलेच नव्हते.

मी तिच्या कानाशी जाऊन सांगितलं, “रूपी, तू आत्ता स्वतःच्या तोंडानं गुन्हा कबूल केलास.”

“कसला गुन्हा? मी चांगलं सांगितलं. चालतं जनावर चालतं म्हणून सांगायचं नाय?”

देवजीशेठ मखमली खोळ सावरत उठला होता. “फौजदारसाहेब, ऐकला ने? धनी गेला शिमग्याला. डुक्कर पडला दिवाळीला. मधल्या वखताला परवाना कोनाचा? आ तो सीधा गुन्हा. जप्त करा. पुढे लिलाव होईल तेव्हा बघू.”

लिलावात त्याला चाळीसही मोजावे लागले नसते. वीसला मिळाली असती. आणि रूपी पुढची सगळी सालं त्याच्याच बैलांमागे.

फौजदार तरुण होता, नवीन बदलून आलेला. त्यानं रूपीला टेबलापुढे बोलावलं.

“डुक्कर कोणी मारलं?”

“बंदुकीनं.”

“बंदूक कोणी उडवली?”

“ते नाय सांगत.”

“का?”

“तू त्याला धरशील.”

आंब्याखाली कोणीतरी फुसकन हसलं. फौजदारानं तिकडे बघितलं, मग पुन्हा हिच्याकडे. “बरं. कुठे मारलं, ते तरी सांगशील?”

“शेठच्या वाडीत.”

“कुठल्या शेठच्या?”

“हा उभा हाय तो.” रूपीनं बोट नाही दाखवलं, हनुवटी दाखवली. “यानंच माणूस धाडला. भातात डुक्कर शिरलाय, लडक्याची बंदूक आना म्हणून. याची सवताची हाय की खोळीत. पण त्याला पाप लागतं. आमच्या हातानं मेला तर नाय लागत.”

आता हसू कोणाला आवरेना. देवजीशेठचा चेहरा लाल मखमलीसारखा झाला. “मी फक्त बोललो, हाकला म्हनून!”

“हाकायला बंदूक कशाला, शेठ?” मी पुढे झालो. “डबा वाजवला असता.” आणि मग फौजदाराकडे वळलो, कारण तापलेलं लोखंड गार होऊ देणारा मी नाही. “साहेब, गुन्हा लिहा. जरूर लिहा. पण पुरता लिहा. बिनपरवाना बंदूक कोणी उडवली ते मी शोधून आणून देतो. कोणी बोलावली, कोणाच्या वाडीत उडाली, कोणाचं भात वाचलं, हे समोरच उभं आहे. ही बाई अडाणी. नवा काय, जुना कायदाही हिला कोणी सांगितला नाही. पण हा परवानेवाला. ह्याला कायदा माहीत नसेल तर ह्याचा परवाना कशाला? आणि माहीत असेल, तर मग ह्यानं काय केलं?”

“तुम्ही कोण?”

“एकनाथ. सभेचा.”

“ऐकलंय तुमच्याबद्दल,” फौजदार म्हणाला. कौतुकानं म्हणाला नाही. त्यानं लिहायला कागद पुढे ओढला, मग मागे सारला. “पाटील, इकडे या. तुमच्या हद्दीत डुक्कर पडलं. वर्दी का नाही दिली?”

बाळ्या पाटलाला खोटं बोलायची सवय नव्हती, एवढंच त्याचं दुर्दैव. “वाटा खाल्ला, साहेब,” तो म्हणाला.

फौजदारानं रुमाल काढून तोंड पुसलं, आणि बराच वेळ पुसत राहिला. त्याला दिसत होतं की हा गुन्हा लिहायचा म्हणजे पाटील आत, शेठ आत, सगळा पाडा आत, आणि साक्षीला कोण, तर डुक्कर. शेवटी तो म्हणाला, “हत्यार आज जमा झालं. वारसानं स्वतः आणून दिलं, असं मी लिहितो. पण बाई, पुढे लक्षात ठेव. मंजुरी येईपर्यंत ही बंदूक आमच्याकडे. आणि पाटील, यापुढे बंदूक उडाली तर आधी वर्दी, मग वाटा. शेठ, तुमचा परवाना जरा बघू.”

देवजीशेठचा परवाना त्यानं इतका निरखून बघितला, की शेठ दुपारपर्यंत त्या टेबलापाशीच उभा राहिला.

आम्ही आंब्याखाली परत आलो तर सामंत तिथंच थांबलेले. “एका गोळीत?” त्यांनी हळूच विचारलं.

“एकाच.”

“दोनशे देतो.”

चिंचणीचा गिरणीवालाही सरकत जवळ आला होता. “सव्वादोनशे,” तो म्हणाला. रूपीच्या ज्या बढाईनं रायफल जप्त व्हायची वेळ आणली होती, तिनंच आता भाव चढवला होता. मी मनात तीनशेपर्यंत ताणायचं ठरवून टाकलं. तोंड उघडलं. रूपीनं मला कोपरानं मागे सारलं.

“रुपये नको. जोडी दे.”

“कसली जोडी?” सामंत म्हणाले.

“बैलांची. बंदूक घे, बैलजोडी दे.”

“अहो, मी मालबाबू! मला बैलांचा भाव काय कळतो?”

“मना तरी बंदुकीचा कुठं कळतो? मना कळतं ते मी मागते.”

“तेवढे रुपये घ्या आणि तुम्हीच घ्या की बैल.”

“मंजुरी कधी येईल?” रूपीनं मला विचारलं.

“ते ब्रह्मदेवालाही ठाऊक नाही. महिना, दोन महिने, चार.”

“बघ,” ती सामंतांना म्हणाली. “आज चैत. आज बैल मिळतो या भावाला. मंजुरी आली आखाडात, तर तेव्हा बैल दीडपट. सगळ्यांनाच हवा असतो. आज बोललेले रुपये आखाडात घेऊन मी काय करू, गळ्यात बांधू? जोडी दे. मंजुरी चैतात आली तर चैताच्या भावाची, आखाडात आली तर आखाडाच्या.”

सामंतांना कळायला जरा वेळ लागला. “म्हणजे उशीर झाला तर भुर्दंड माझा?”

“कचेऱ्या तुझ्या वळखीच्या. मना कोन वळखतं जिल्ह्यावर? कागद तू हलव.”

मी तीनशेचा नाद सोडला. हे माझ्या बाबतीत फार वेळा घडत नाही. मी मोर्चे काढून कागद हलवत आलो होतो, आणि हिनं भावातच अशी गाठ मारली होती की कागद हलवणं हीच घेणाऱ्याची गरज झाली. गिरणीवाला मान हलवत निघून गेला. तो व्यापारी होता, त्याला फास दिसला. सामंत शिकारी होते. त्यांनी एकदा गोणपाटाकडे बघितलं, एकदा आकाशाकडे.

“ठीक. पण खिलारी-बिलारी मागायची नाही.”

“खिलारी आमच्या चिखलात जगत नाय. गावठी चालेल.”

“आणि दात मी मोजणार.”

“तू पैसे मोज. दात मी मोजते.”

त्या दिवसापासून सामंतांना चैन पडेना. रेल्वेचा पास होता, त्यामुळे जिल्ह्याला जायला पैसे पडत नव्हते, पण रजा पडत होत्या. ते कारकुनाला भेटले, हेडक्लार्कला भेटले, कोणाच्या भाच्याच्या मुंजीला जाऊन आले. अधूनमधून तलासरीला येऊन माझ्यावर चिडायचे: “तुमच्या त्या बाईनं मला कामाला लावलंय.” मी म्हणायचो, “आम्ही आयुष्यभर तेच करतोय, साहेब. तुम्ही महिनाभर करून बघा.”

वैशाख सरता सरता मंजुरी आली. माझ्या माहितीत त्या बाजूचा दुसरा कुठला अर्ज इतक्या लवकर मंजूर झाला नाही, आणि त्यात माझा हात नव्हता.

गुरांच्या बाजारात सामंत बूट घालून आले. रूपीनं त्यांना उन्हात सकाळपासून फिरवलं. जोडी बघायची, जबडा उघडायचा, खुरांतून बोट फिरवायचं, चार पावलं चालवायची, नको म्हणायचं. शेवटी तिनं एक तांबडा आणि एक करडा निवडला. करड्याचं एक शिंग अर्धं तुटलेलं.

“हा कशाला?” सामंत म्हणाले. “चांगला बघ ना. मी देतोय ना पैसे?”

“शिंगानं नांगरत नाय,” रूपी म्हणाली. “आणि तुटक्यामुळं तुझे वाचतात. तुला परत कधी बंदूक घ्यावी लागली तर मी आठवली पाहिजे.”

सामंत मोठ्यांदा हसले. पैसे त्यांनी स्वतःच्या हातानं बैलवाल्याला दिले, कासरे रूपीच्या हातात गेले, आणि ते थेट फौजदाराकडे रायफल सोडवायला.

देवजीशेठनं जेठात निरोप धाडला, की यंदा लडक्याच्या घराला बैल मिळणार नाहीत. निरोप घेऊन आलेल्या माणसाला रूपीनं पाणी दिलं आणि गोठा दाखवला.

त्या पावसाळ्यात तिनं तिला हव्या त्या दिवशी चिखलणी केली. तिची झाल्यावर बैल शेजारच्या सोमीच्या शेतात गेले, आणि बदल्यात सोमी रूपीच्या लावणीला आली. एक दिवस बैल, एक दिवस माणूस, कुरणातली फुकट कापणी नाही. मग सोमीच्या पलीकडच्या घरानं विचारलं, मग त्याच्या पलीकडच्यानं. ही सगळी घरं दर साली बैलांच्या भाड्यापोटी शेठच्या शेतात राबायची. यंदा ती आपापल्या शेतात होती. शेठची निम्मी शेतं तशीच पडून, रोपं राबात वाढून चाललेली. शेवटी त्यानं रोख मजुरी द्यायचं ठरवलं, आणि पाड्यावर काय दर चालेल ते विचारायला माणूस धाडला.

तो माणूस कोणाला विचारावं म्हणून बघत बघत रूपीच्या बांधावर आला. मीही तिथंच होतो, सभेचा निरोप घेऊन आलेला. रूपी गुडघाभर चिखलात औतामागे होती.

“शेठनं विचारलंय, मजुरी काय घेशील?”

“थांब जरा,” ती म्हणाली. “एवढा फेरा पुरा करू दे, मग सांगते.” आणि तिनं करड्याला हाक दिली.